पडद्याखालच्या ओळी

शुक्रवार, ७

दादाने फोन करून सांगितलं, "येताना वाचायचा चष्मा आण." मला वाटलं, डॉक्टरांचे कागद असतील. गेले तर टेबलावर एक रंगीबेरंगी पुस्तिका. सिनेमांची. पुढच्या बुधवारपासून रविवारपर्यंत त्याच्या घरामागच्या जुन्या थिएटरात महोत्सव आहे. वरचं नाव वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. क्विअर चित्रपट महोत्सव. म्हणजे बाईचं बाईवर, पुरुषाचं पुरुषावर प्रेम, तसले सिनेमे.

"हे कुठून उचलून आणलंस?"

"औषधाच्या दुकानात ठेवलं होतं."

"तुला नीट दिसलं नसेल, काय लिहिलंय ते."

"एवढं मोठं अक्षर अजून दिसतं मला," म्हणाला.

दादाच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झालाय. कडेकडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. माझ्याशी बोलताना तो माझ्या कानाकडे बघतो, म्हणजे मी दिसते म्हणे. जन्मभर दातांच्या कवळ्या बनवल्या, अर्ध्या शहराचं हसू त्याच्या हातचं, आणि आता समोरचा हसला की रडला ते त्याला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलं ते येणार नाही. उरलंय ते किती टिकेल, सांगता येत नाही. म्हणून त्याला मोठ्या पडद्यावर सिनेमे बघून घ्यायचेत. चित्र कडेकडेनं का होईना दिसेल. खाली भाषांतराच्या ओळी येतात त्या मात्र दिसणार नाहीत. त्या मी त्याच्या कानात वाचायच्या.

हाच महोत्सव का, तर थिएटर जवळ आहे आणि जिने नाहीत. हे मला पटलं. दादा पहिल्यापासून सोय बघणारा.

पण माझी झोप उडालीय. मी बसस्थानकावर घोषणा करते. माझं तोंड कोणी ओळखत नाही, आवाज सगळं शहर ओळखतं. तिथे अंधारात बसून मी तोंड उघडायचं, आणि तेही असल्या सिनेमांना!

रविवार, ९

दुपारभर निवड चालली होती. रोज एक सिनेमा बघायचा असं ठरलं. मी तीन नियम केले. सिनेमात बोलणं कमी असावं (माझ्या घशासाठी), लवकर सुटावा, आणि पुस्तिकेतल्या फोटोत माणसांच्या अंगावर पुरेसे कपडे असावेत. तिसरा नियम ऐकून दादा इतका हसला की चहा सांडला.

पहिला तर लगेच ठरला. थंड समुद्रात पोहायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांवरचा माहितीपट. (फोटोत पोहण्याचे कपडे आहेत, पण समुद्रात आणखी काय घालणार?) दुसरा, कपडे धुण्याचं दुकान चालवणाऱ्या दोन बायका. घरगुती वाटला.

"पुढचा?" दादा म्हणाला.

"पुढचा… एक गिरणीवाला आहे. आणि त्याचा मित्र. असंच काहीतरी, गावाकडचं."

"परिच्छेद मोठा दिसतोय." तो खिडकीकडे बघत होता, म्हणजे पुस्तिकेकडेच.

"छपाई मोठी आहे."

"खोटं बोलताना तुझा आवाज स्टँडवरचा होतो," दादा म्हणाला.

मग वाचलं सगळं. गिरणीवाल्याकडे एक माणूस कामाला येतो, तिथेच राहतो. दोघांचं प्रेम जमतं. घरचे त्या दुसऱ्याचं लग्न ठरवतात, तो जातो. पुष्कळ वर्षांनी परत येतो. मी वाचून झाल्यावर म्हटलं, "कंटाळवाणा वाटतोय, आणि बोलणंही फार असणार." त्याऐवजी मी शेजारच्या पानावरचा सुचवला, दोन अंतराळवीरांचा. त्यात निम्मा वेळ नुसतं आकाशच असेल.

"शुक्रवारी गिरणीवाला," दादा म्हणाला. कधी नव्हे ते असं तोडून बोलला. डोळ्यांमुळे चिडचिडा झालाय बिचारा.

शनिवार आणि रविवार अजून ठरायचेत. एकाच वेळी दोन दोन सिनेमे लागतात, एक धरावा तर दुसरा हातचा जातो. घरी येऊन मी पुन्हा पुस्तिका घेऊन बसले. ह्यांनी विचारलं, "परीक्षा आहे का?"

बुधवार, १२

आज पोहणारे म्हातारे. थिएटरच्या दारातून मी मान खाली घालून शिरले, जशी काही उधारीवाल्याच्या दुकानासमोरून चाललेय. आत सगळी साधीच माणसं. एक आजी तर विणकाम घेऊन आल्या होत्या. मी काय बघायला निघाले होते कोण जाणे.

मी वाचायला लागले. पाचव्या ओळीला पुढच्याने वळून "श्श" केलं. दहाव्या ओळीला दोघांनी. मग हिरव्या केसांची एक स्वयंसेविका वाकून आली. मला वाटलं, आता काढतात बाहेर. ती म्हणाली, "काका-काकू, मागे कोपऱ्यात दोन खुर्च्या तुमच्यासाठी ठेवते. रोज तिथेच बसा." तिला आम्ही नवरा-बायको वाटलो. दादाने दुरुस्त केलं नाही. त्याला गंमत वाटली असावी.

सिनेमा चांगला होता. एक म्हातारा दुसऱ्याची पाठ टॉवेलने पुसत होता. तिथे कोणी बोलत नव्हतं म्हणून मी गप्प होते. दादा म्हणाला, "आता काही सांगू नकोस, हे दिसतंय मला."

बाहेर रांगेत आमच्या डेपोतला एक ड्रायव्हर दिसला, लांब पल्ल्याच्या गाडीवरचा. बरोबर एक मित्र होता. मला बघून तो असा दचकला, जसं मी त्याला चुकीच्या फलाटावर पकडलंय. मीही दचकले. दोघांनीही ओळख दाखवली नाही. तोही माझ्यासारखाच कोणाच्या तरी डोळ्यांसाठी आला असेल.

गुरुवार, १३

धुलाईवाल्या बायकांनी घात केला. घरगुती कसला! एक मशीन बंद पडतं, दुसरी ते दुरुस्त करायला मशीनमागे शिरते, पहिली तिच्या पायांशी बोलत राहते. आणि बोलता बोलता एकदम थांबते. तिथून पुढे मी वाचायचंच विसरले. किती वेळ गेला, कळलं नाही. दादाने कोपराने ढोसलं, "अगं, मलाही सांग की!"

"थांब जरा," मी म्हटलं, "आत्ता नको."

सुटल्यावर तो हसत होता. "तुझ्यासाठी कोणीतरी वाचणारा ठेवायला हवा." माझे डोळे पाणावले होते. मागच्या कोपऱ्यात एसीचा वारा थेट तोंडावर येतो.

रात्री ह्यांना अख्खी गोष्ट सांगितली. हे फ्रीज दुरुस्त करतात, म्हणून ह्यांना मशीनचं कुतूहल. "बेल्ट तुटला असेल," म्हणाले. मी म्हटलं, बेल्टचा नाही तो सिनेमा. म्हणाले, "मग कशाचा?" मी ताटं उचलली.

शुक्रवार, १४

लिहू की नको असं झालंय. दोनदा उठून दाराची कडी बघून आले.

गिरणीवाल्याचा सिनेमा. सुरुवातीला ठीक चाललं होतं. पीठ, पाऊस, पोती. मग तो दुसरा पुष्कळ वर्षांनी परत येतो आणि दोघं स्वयंपाकघरात भांडतात. ओळींवर ओळी यायला लागल्या. शेजारी सख्खा भाऊ, त्याचा कान माझ्या ओठांपाशी, आणि समोर हे असलं लिहिलेलं. आईने आम्हाला एका ताटात जेवू घातलंय. मी गाळायला लागले. जिथे 'तुझ्याशिवाय' होतं तिथे काहीच वाचलं नाही. जिथे दोन ओळी होत्या तिथे अर्धी वाचली.

मग गिरणीवाला म्हणाला, आणि तो फार हळू म्हणाला, "तुझा वास जाईल म्हणून उशीचा अभ्रा मी वर्षभर धुतला नाही."

मी वाचलं, "मी वर्षभर घर साफ केलं नाही."

पुढे कोणीतरी हुंदका दिला. दादा माझ्याकडे वळला. "घर साफ केलं नाही म्हणून लोक रडतायत?"

पलीकडच्या खुर्चीवर एक गृहस्थ होते. ते वाकले आणि दादाला म्हणाले, "माफ करा, मध्ये बोलतोय. ओळ वेगळी होती." आणि त्यांनी ती जशीच्या तशी सांगितली.

दादा उठला. खुर्च्यांच्या पाठी चाचपत बाहेर निघाला. मी मागोमाग.

बाहेरच्या मोकळ्या जागेत त्याने विचारलं, "किती गाळलंस?"

"थोडंच."

"किती?"

"अरे, अंगाबिंगाचं होतं. कसं वाचू तुझ्यासमोर? भाऊ आहेस माझा."

"म्हणून तर तुला आणलं," दादा म्हणाला. "परका वाचणारा मिळाला नसता का? पलीकडच्या माणसाने वाचून दाखवलंच बघ, कोणी न सांगता. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"का?"

तो माझ्या कानाकडे बघत होता. "मी तसाच आहे गं. त्या गिरणीवाल्यासारखा. पहिल्यापासून. डोळे आहेत तोवर तुला सांगायचं होतं, तुझा चेहरा कसा होतो ते दिसलं असतं थोडंफार."

तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि ड्रायव्हर बाहेर आला. आणि मी दादाला म्हटलं, "हळू बोल."

एवढंच. साठी उलटलेल्या भावाने आयुष्यात पहिल्यांदा मनातलं सांगितलं, आणि बहीण म्हणाली, हळू बोल.

तो एक हात भिंतीला लावून चालायला लागला. मी दंड धरायला गेले तर म्हणाला, "घर मागेच आहे. कडा दिसतात मला."

शनिवार, १५

सकाळच्या पाळीत पाच नंबरच्या फलाटावरची गाडी सात नंबरला लावली. म्हणजे गाडी पाचवरच होती, मी सात म्हणाले. पन्नासेक माणसं सामान घेऊन पळाली आणि पुन्हा परत पळाली. खाली एक बाई मुलाला ओढत नेताना वर माझ्या काचेकडे बघून काहीतरी म्हणाली. बरं झालं, ऐकू आलं नाही. साहेबांनी विचारलं, बरं वाटत नाही का? हो म्हटलं.

दादा फोन उचलत नाही. आजच्या सिनेमाची वेळ येऊन गेली. अंतराळवीरांचाच होता, शेवटी तोच निवडला होता आम्ही. तो एकटाच गेला असेल का? जाऊन बसला असेल, आणि कोणी वाचत नसेल. की तो कालचा गृहस्थ वाचत असेल? ह्या दुसऱ्या विचाराने मला जास्त चडफडायला झालं. का, ते कळत नाही.

घरी येऊन पडदे काढले, धुतले, ओले असतानाच पुन्हा लावले. हे बघत होते. शेवटी म्हणाले, "काय झालंय?"

सांगितलं. दादा म्हणाला ते. मी म्हणाले ते मात्र नाही सांगितलं.

ह्यांनी चष्मा काढून ठेवला. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तो रंगारी गेला तेव्हा कळलं."

दादाच्या वरच्या खोलीत एक रंगारी राहायचा. घरांना रंग देणारा. भाड्याने म्हणून आला तो अकरा वर्षं राहिला. जेवायला खालीच, दादाबरोबर. मग लग्न ठरलं म्हणून गावी गेला. ह्या गोष्टीलाही जमाना झाला.

"तो गेला त्या आठवड्यात दादा माझ्या दुकानात येऊन बसायचा," हे म्हणाले. "मी एक मोठा फ्रीज उघडला होता. मला पाने हातात देत राहिला. मागितला नाही तोसुद्धा."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"त्याने मला तरी कुठे काय सांगितलं? त्याने पाने दिले."

मला आठवतंय तो आठवडा. दादा जेवत नव्हता. मला वाटलं, पोट बिघडलंय. मी रोज डबा पाठवायचे, बिनतिखटाचा.

रात्रीचं जेवण झालं तरी बसवेना. म्हटलं, एक फेरी मारून येते. पाय थिएटरकडेच वळले. दारावर कागद लावला होता: गिरणीवाल्याचा सिनेमा, लोकाग्रहास्तव पुन्हा, रविवारी दुपारी. त्याच वेळेला दुसऱ्या पडद्यावर समारोपाचा मोठा सिनेमा आहे, बक्षीस मिळालेला. हिरव्या केसांची मुलगी खुर्च्या रचत होती. तिने विचारलं, "काका आज आले नाहीत?"

म्हणजे तो गेला नव्हता.

"उद्या येतील," मी म्हटलं. कोणाच्या भरवशावर म्हटलं, देव जाणे. "कोपरा ठेवा आमचा."

रविवार, १६

दादाने दार उघडलं. सदऱ्याची बटणं एकाला एक चुकलेली. मी हात पुढे केला आणि मागे घेतला.

"आज कुठला?" मी विचारलं. दारातच.

"तू निवड. तुझे नियम आहेत."

"दादा, मी परवा जे म्हणाले ना…"

"ते सगळेच म्हणतात," तो म्हणाला. "मी स्वतःशीसुद्धा तेच म्हणत आलो. तुझ्याकडून मात्र लागलं."

मला रडू येत होतं, पण रडले असते तर त्याने मला समजावलं असतं, आणि मग ते सगळं माझ्याबद्दलच झालं असतं. म्हणून म्हटलं, "गिरणीवाला पुन्हा लागलाय. सगळा वाचते. एक अक्षर सोडणार नाही."

"समारोपाचा चुकेल. बक्षीसवाला."

"चुकू दे."

त्याने बटणं चाचपली, सोडली, पुन्हा लावली. ह्या वेळी बरोबर.

कोपऱ्यातल्या दोन खुर्च्यांवर तिने कागद ठेवले होते. पलीकडचे गृहस्थ आज नव्हते. ड्रायव्हर होता, दोन रांगा पुढे, मित्राच्या खांद्याला खांदा लावून. मी वाचायला सुरुवात केली. पीठ, पाऊस, पोती. मग स्वयंपाकघर. 'तुझ्याशिवाय' आलं, वाचलं. पुढचं आलं, तेही वाचलं. हातांचं होतं, पाठीचं होतं, अंथरुणाचं होतं. मी माझ्या भावाच्या कानात एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला म्हटलेलं सगळं म्हटलं. कुजबुजायचं भान सुटलं बहुतेक, कारण पुढची एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "अगं, हा आवाज ऐकलाय! सात नंबर फलाट!" त्या दोघी हसल्या. ड्रायव्हरने वळून बघितलं. मी थांबले नाही. अभ्र्याची ओळ आली.

"तुझा वास जाईल म्हणून उशीचा अभ्रा मी वर्षभर धुतला नाही."

दादाने माझं मनगट धरलं. सोडलं नाही.

शेवटी गिरणीवाला एकटा बसलेला असतो आणि दार वाजतं. तो बघतो. कोणी बोलत नाही. खाली एकही ओळ नाही. नुसता त्याचा चेहरा, पडदाभर. दादा मान इकडेतिकडे करत होता, पण एवढा मोठा चेहरा त्याच्या बरोब्बर मधल्या काळोखात सापडला होता.

"कसा दिसतोय तो?" दादा म्हणाला. "सांग ना. चेहरा कसा आहे?"

हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मी बघितलं. "दमलाय," म्हटलं. "दाढी वाढलीय. ओठ घट्ट मिटलेत. पण डोळे… दादा, लहान मुलाला हाक मारली की ते कसं वर बघतं, तसा बघतोय. आशा आहे त्याला. लाज वाटतेय आशा असल्याची, पण आहे."

"आणि आत कोण आलं?"

पडदा काळा झाला. नावं यायला लागली.

"दाखवलं नाही," मी म्हटलं. "संपला."

"हात्तिच्या!" दादा एवढ्या मोठ्याने म्हणाला की सगळं थिएटर हसलं. मीही.

बाहेर आवाराच्या कडेला एक बाक आहे. तिथे बसलो. दुसऱ्या पडद्यावरची गर्दी टाळ्या वाजवत होती, बक्षीसवाल्याला. ड्रायव्हर आणि त्याचा मित्र समोरून गेले. ड्रायव्हर क्षणभर थबकला आणि त्याने मला मान लववली. मीही लववली.

काय बोलावं, कुठून बोलावं. दादाला विचारायचं होतं, इतकी वर्षं तू कसा राहिलास. पण तो प्रश्न माझ्यासाठी झाला असता, त्याच्यासाठी नाही.

"रंगारी कसा होता दिसायला?" मी विचारलं.

"अगं, तू बघितलायस की. अकरा वर्षं."

"जिन्यात बघितला असेल येताजाता. नीट नाही बघितला."

दादाने सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं. मला वाटलं, विचारायला नको होतं. मग त्याने समोर, रिकाम्या रस्त्याकडे तोंड केलं.

"नखांपासून सांगतो," म्हणाला. "कितीही धुतली तरी कडांना रंग असायचा. आज कुठल्या घरी काम होतं ते मी नखं बघून ओळखायचो. निळा असला की शाळा. एकदा गुलाबी घेऊन आला आणि सांगेचना. मला म्हणाला, तूच शोध…"

आवाज मोठा होता त्याचा. येणारे-जाणारे बघत होते. दोनदा थांबून त्याने विचारलं, "कंटाळलीस?"

"पुढे?" मी म्हटलं.